फासा, पुस्तक आणि सूत्रधार

नाताळच्या सुटीत आम्ही बुऱ्हाणपुरास एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस मुक्कामास होतो. तापीच्या काठचे हे जुने शहर मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहे. बाजारात हिंदी आणि चुलीपाशी मराठी असा येथील कित्येक घरांचा रिवाज. आमच्या यजमानांचे घरही त्यांतलेच. दुसऱ्या दिवशी रात्री रोजरी आटोपली, गव्हाणीपुढील दिव्यात तेल घालून झाले आणि मुले मधल्या खोलीत चटई अंथरून बसली. तेव्हा घरच्या बाईंनी आम्हांस ओसरीवर बोलावून हळूच म्हटले, “तुम्ही लिहितीवाचती माणसे. मुलांचा हा नवा खेळ एकदा बघून सांगा, घरात ठेवावा की नाही. पुस्तकावर राक्षसाचे चित्र आहे, आणि रोज रात्री भांडण होते.”

खरे सांगावयाचे तर आम्हांस राक्षसापेक्षा भांडणाची चिंता अधिक वाटली. म्हणून आम्हीही जाऊन चटईच्या एका कोपऱ्यावर बसलो. तेथे जे पाहिले ते वाचकांच्या कानी घालावे, असे तेव्हापासून मनात आहे. कारण ती गोष्ट चटईवरच्या खेळापुरती नव्हती.

प्रथम खेळ कसा असतो ते सांगतो. सोंगट्या किंवा सापशिडी यांत पट असतो, घरे ठरलेली असतात, आणि दान पडेल तितकी घरे पुढे जावयाचे असते. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. चारपाच जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक सोंग घेतात. कोणी शिपाई, कोणी वैदू, कोणी वाटाड्या. सूत्रधार प्रसंग उभा करतो: तुम्ही भुयाराच्या तोंडाशी आला आहात, आत काळोख आहे, पाण्याचा आवाज येतो आहे, आता काय करता? ज्याने त्याने आपल्या सोंगास शोभेल ते सांगावयाचे. जे करावयाचे ते अवघड असेल तर वीस पैलूंचा फासा टाकावयाचा. पडलेल्या दानात त्या सोंगाच्या अंगचा गुण मिळवावयाचा, आणि बेरीज ठरलेल्या आकड्यास पोचली तर काम फत्ते. कोणत्या कामास किती आकडा लागतो, उडी किती हातांची, जखम किती खोल, हे सारे एका जाडजूड पुस्तकात लिहिलेले असते.

हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. भुयारे आणि अग्निमुखी सर्प, असा त्याचा साधारण अर्थ. १९८० नंतरच्या दशकात तिकडील काही पालकांनी आणि धर्मोपदेशकांनी हा सैतानाचा खेळ आहे असा मोठा गहजब केला होता. परंतु ज्या कादंबरीतून या खेळाने आपल्या बुटक्या वीरांची आणि वृक्षमानवांची कल्पना उचलली, ती १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, आणि तिचे कर्ते टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते, हे त्या गहजबात पुष्कळांस ठाऊक नसावे. आईच्या मृत्यूनंतर त्यांचा सांभाळ एका धर्मगुरूंच्या देखरेखीखाली झाला होता. तेव्हा चित्रातील राक्षसास पाहून घाबरण्याचे कारण नाही. राक्षस आमच्या आजीच्या गोष्टींतही होते. पाहावयाचे ते हे की त्याच्याशी गाठ पडली असता मुले एकमेकांशी कशी वागतात.

आता त्या रात्रीकडे वळू. घरचा थोरला मुलगा, वय वर्षे एकोणीस, सूत्रधार होता. त्याने परदेशी भुयार बाजूस ठेवून आपल्याच गावचे भुयार घेतले होते, आणि हे आम्हांस फार आवडले. बुऱ्हाणपुरास कुंडी भंडारा म्हणून एक जुनी पाणीयोजना आहे. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून ते नुसत्या उताराच्या बळावर शहराकडे आणलेले आहे. वरून पाहिले तर विहिरींसारख्या शंभरांवर कुंड्या एका ओळीत दिसतात. खाली त्या साऱ्या एकमेकींस जोडलेल्या. अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, ही योजना झाली. मुलाने गोष्ट अशी रचली होती की अकबराने असीरगडास वेढा घातला आहे, आणि एक म्हातारा पाणक्या बोगद्यात अडकला आहे. त्यास सोडवून आणावयाचे.

“असीरगड पडला १६०१ साली. कुंड्या पुढे चौदा वर्षांनी झाल्या,” एक जण लगेच म्हणाला. हा घरच्या बाईंच्या बहिणीचा मुलगा, वय पंधरा. सूत्रधार हसून म्हणाला, “खेळात चालते रे.” तो गप्प बसला, पण त्याने मांडीवरचे नियमांचे पुस्तक थोडे जवळ ओढून घेतले, हे आम्ही पाहिले.

खेळ पुढे सरकला. एका जागी बोगद्याचा काठ तुटला होता. मावसभावाने उडी मारतो म्हणून सांगितले आणि फासा टाकला. चार पडले. सूत्रधाराने पुस्तक मागून घेतले, बोट ठेवून वाचले आणि म्हणाला, “पडलास. पाय दुखावला. आता लंगडत चाल.” काही वेळाने अकरा वर्षांच्या धाकट्या बहिणीची पाळी आली. तिने कुंभाराच्या मुलीचे सोंग घेतले होते. तिने त्याच काठावरून उडी मारली; तीन पडले. सूत्रधाराने पुस्तक उघडलेच नाही. तो म्हणाला, “पडता पडता तुझ्या हाती वडाचे एक मूळ लागले. तू लोंबकळलीस आणि वर आलीस.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावसभावाने वाजवल्या नाहीत.

पुढे बोगद्याच्या तोंडाशी एक पहारेकरी होता. मुलगी म्हणाली, “मी माझ्या मडक्यात पाणी भरते आणि त्याला देते. सकाळपासून उन्हात उभा आहे बिचारा. तो आम्हांला सोडील.” मावसभावाने पुस्तक चाळले आणि म्हटले, “पाणी दिल्याने पहारा उठतो असे यात कुठेही नाही. मन वळवायचे असेल तर फासा टाकावा लागतो, आणि कुंभारणीच्या अंगी तो गुण नाही.” सूत्रधार म्हणाला, “पुस्तक बाजूला ठेव. इतकी छान कल्पना तिला सुचली आहे. पहारेकरी पाणी पितो आणि वाट देतो. फासा नको.”

तेव्हा तो मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “तुझ्या बहिणीला मूळ सापडते. मला मात्र पुस्तकच सापडते.”

चटईवर सारे चिडीचूप झाले. दारात उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा उतरला. या मुलाचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. आई रावेरकडील खेड्यात थोडीशी शेती पाहते, आणि मुलगा शिक्षणासाठी मावशीच्या घरी राहतो. त्यास येथे काही कमी नाही. पोटच्या मुलाप्रमाणेच त्यास वाढतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु दुसऱ्याच्या घरी वाढणारे मूल ताटातील पोळ्या मोजते. कोणी त्यास मोजावयास शिकवलेले नसते. अशा मुलास छापील नियमाचा आधार वाटतो, कारण छापलेले अक्षर तोंड पाहून बदलत नाही. आम्ही संध्याकाळपासून त्यास जरा हट्टी, जरा रुक्ष समजत होतो. आमची चूक आम्हांस त्या क्षणी कळली.

वाचकहो, पुस्तकाप्रमाणे चालावे की प्रसंग पाहून सुचेल तसे करावे, हा वाद या खेळाइतकाच, किंबहुना त्याहूनही जुना आहे. या खेळाचे पणजोबा म्हणता येतील असा एक खेळ प्रशियाच्या सैन्यात होता. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम छापले. नकाशावर पलटणी मांडावयाच्या, फासे टाकावयाचे, आणि तक्ते पाहून पंचाने हानी ठरवावयाची. पुढे तक्ते इतके वाढले की अधिकारी कंटाळून गेले. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने असे मांडले की तक्ते गुंडाळून ठेवा, अनुभवी पंच आपल्या बुद्धीने निकाल देईल. खेळ वेगवान झाला. पण मग सारा भार पंचाच्या अनुभवावर आणि निःपक्षपातीपणावर आला. पंच चांगला तर खेळ चांगला.

अमेरिकेतील खेळाचेही तसेच झाले. १९७४ ची पहिली आवृत्ती म्हणजे एका पेटीतील तीन लहान पुस्तिका होत्या, आणि शेवटी वाचकांस सांगितले होते की पुढचे तुमचे तुम्हीच कल्पनेने रचा. लोक पत्रे पाठवून विचारू लागले, अमुक प्रसंगी काय करावे? गावोगावच्या स्पर्धांत एकाच प्रश्नास निराळी उत्तरे मिळू लागली. मग १९७७ ते १९७९ या काळात मोठमोठे ग्रंथ निघाले, आणि ज्या गायगॅक्स यांनी कल्पनेस मोकळीक दिली होती तेच सर्वत्र एकसारखे नियम असावेत असे आग्रहाने सांगू लागले. आजही या खेळाचे रसिक या प्रश्नावर दोन पक्षांत वाटलेले आहेत.

आपल्याकडील रंगभूमी पाहावी. दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकास छापील संहिता नसते. खेळापूर्वी प्रमुख नट कथानकाची रूपरेषा सांगतो, कोणाचा प्रवेश कोणामागून हे ठरते, आणि रात्रभर नट आपापली भाषणे रंगमंचावरच रचतात. तमाशातील बतावणीही अशीच. सोंगाड्यास समोरच्या गावाची नस पकडून बोलावे लागते. म्हणजे तेथे केवळ स्वैरपणा असतो काय? तसे नाही. दशावतारात आधी गणपती, मग संकासुर आणि पुढे आख्यान हा क्रम सांभाळावा लागतो. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग यांची परंपरा आहे. ज्या नटाच्या अंगी ही चौकट मुरलेली असते त्यासच आयत्या वेळी बोलणे साधते. नवखा मनुष्य संहितेवाचून उभा केला तर त्याची बोबडी वळते.

आपल्या पवित्र ख्रिस्तसभेतही या दोहोंस जागा आहे. मिस्साचे विधी पुस्तकात बांधून दिलेले असतात. बुऱ्हाणपूर असो की वसई, धर्मगुरू कोणी असो, श्रीमंताच्या मुलाच्या लग्नात आणि मजुराच्या अंत्यविधीत वेदीवरील अर्पण एकच. ही समानता नियमाने राखली आहे. मात्र प्रवचन त्या दिवसाचे, त्या गावाचे असते. ते छापील कागदावरून वाचले तर बाकावरची माणसे घड्याळाकडे पाहू लागतात.

संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथास १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. तो ग्रंथ म्हणजे अक्षरशः नियमांचे पुस्तक आहे: आठवडे ठरलेले, तास ठरलेले, कोणत्या तासास कोणते मनन हेही ठरलेले. तरीही त्याच ग्रंथात साधना देणाऱ्यास बजावले आहे की समोरच्या माणसाचे वय, शिक्षण आणि शक्ती पाहून ती कमीअधिक करावी. आणि नाताळच्या मननात साधकास काय सांगितले आहे? गव्हाणीपाशी आपण स्वतः एक दरिद्री सेवक म्हणून हजर आहोत अशी कल्पना करावी, मरिया आणि योसेफ यांस काय हवे नको ते पाहावे. म्हणजे साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका संताने आपणांस प्रार्थनेत सोंग घ्यावयास लावले, आणि तेही राजाचे न देता नोकराचे दिले.

प्रभु येशूने या वादाचा निकाल कसा दिला हे शुभवर्तमानात आहे. शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडली म्हणून परुशी तक्रार घेऊन आले, तेव्हा प्रभूने त्यांस दाविदाची आठवण करून दिली. भुकेल्या सोबत्यांसाठी त्याने समर्पित भाकरी घेतल्या होत्या. परंतु त्याच प्रभूने आपण नियमशास्त्र मोडावयास आलो नाही असेही निक्षून सांगितले. आम्हांस यातून एक गोष्ट उमगते. प्रभूने नियम शिथिल केला तो भुकेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, परक्या स्त्रीसाठी. आपल्या सग्यासोयऱ्यांच्या सोयीसाठी तो शिथिल केल्याचा एकही प्रसंग आम्हांस आठवत नाही. आपण मात्र बहुधा उलट करतो: आपल्या माणसास वडाचे मूळ आणि परक्यास पुस्तकाचे पान.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला मुलगा आमच्याकडे आला. रात्री त्यास झोप लागली नव्हती. तो म्हणाला, “मी मुद्दाम नाही केले. ती लहान आहे म्हणून सुचले.” आम्ही म्हटले, “सुचले ते चांगलेच होते. पण आपणांस जे आपोआप सुचते ते बहुधा आपल्या माणसासाठीच सुचते. परक्यासाठी सुचावे म्हणून थोडे थांबावे लागते. नियम तेवढे थांबवतो, हाच त्याचा उपयोग.” यापुढे आम्ही काही सांगितले नाही. मुलगा शहाणा आहे.

त्या रात्री त्याने खेळापूर्वी तीन गोष्टी सर्वांपुढे मांडल्या. पहिली, फासा सर्वांस दिसेल असा मध्यभागी पडेल आणि पडेल ते दान खरे. दुसरी, पुस्तक जेथे गप्प आहे तेथे सूत्रधार ठरवील. पण एकासाठी जे ठरेल तेच पुढे सर्वांसाठी लागू. तिसरी, कोणास सवलत द्यावयाची असेल तर आधी इतरांस विचारावयाचे, आणि सूत्रधाराच्या सख्ख्या भावंडांसाठी विचारावयाचे ते मावसभावाने. मग तो त्यास म्हणाला, “कालचे मूळ तुलाही लागू. तुझा पाय बरा झाला.” मुलाने मान हलवली. “पडलो ते पडलो,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी बघू.”

राहिला पहारेकरी. मुलगी मडके घेऊन उभी होती. सूत्रधाराने मावसभावाकडे पाहिले. त्याने पुस्तक उघडले, मिटले आणि थोडा विचार करून म्हणाला, “फासा टाकूच. पण ती पाणी घेऊन आली आहे, म्हणून पाच वाढवून देऊ. यापुढे जो कोणी पाणी देईल त्यालाही पाच.” तेरा हवे होते. फासा घरंगळत गव्हाणीच्या पेंढ्यापर्यंत गेला. नऊ पडले, पाच मिळाले, चौदा झाले. पहारेकरी पाणी प्याला आणि बाजूस सरला. म्हातारा पाणक्या मात्र अजून बोगद्यातच आहे, कारण दहा वाजले आणि बाईंनी दिवा मालवला.

बाईंच्या प्रश्नास आम्ही निघताना उत्तर दिले: खेळ अवश्य ठेवा; रोजरीनंतर खेळू द्या, दहास थांबवा, आणि चित्र डोळ्यांस खुपत असेल तर पुस्तकास वर्तमानपत्राचे वेष्टन घाला. त्या हसल्या. मग म्हणाल्या, “त्या मुलाने बोललेले मला आईच्या ठिकाणी लागले हो. मी कधी भेद केला नाही असे समजत होते.” आम्ही म्हणालो, “तो तुमच्या घरात ते बोलू शकला, हीच तुमच्या मायेची खूण आहे. परक्या घरी मूल गप्प राहते.”

वाचकहो, शेताचा बांध, विहिरीची पाळी, शाळेची फी, सुनेची माहेरची सुटी, सभासदाची वर्गणी, अशा कित्येक ठिकाणी आपण सारे कोणाचे ना कोणाचे सूत्रधार असतो. पुस्तक आपल्या हाती असते आणि ते उघडावयाचे की मिटावयाचे हेही आपल्याच हाती असते. या आठवड्यात एकदा आठवून पाहावे: गेल्या वेळी आपण पुस्तक कोणासाठी मिटले, आणि कोणासाठी बोट ठेवून वाचले?